आठ दिवसांचं पाणी, अंगणातले डास अन् गोठ्यातल्या गोचिड्या



गुढीपाडवा झाला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात पाण्याची ओढाताण सुरू होते. कुठं नळ चार दिवसांनी, कुठं आठ दिवसांनी, तर कुठं टँकरच. मग आपण रांजण, टिपाड, हौद, घागरी, जे असेल ते भरून ठेवतो. त्यातच आशाताई सांगतात, "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा." गटाच्या बैठकीत बाया आम्हाला विचारतात, "ताई, पाणीच आठ दिवसांनी येतं, ते ओतून कसं द्यायचं?"

प्रश्न खरा आहे. म्हणून आज आम्ही पाणी न सांडता कोरडा दिवस कसा पाळायचा ते सांगणार आहोत. त्याच्या जोडीला गोठ्यातल्या गोचिड्यांचंही सांगू, कारण दोघांचा बंदोबस्त एकाच तऱ्हेनं करावा लागतो.

हे बैठकीत का घ्यायचं? तर घरात तापाचं माणूस निघालं की गटातून कर्ज उचललं जातं. पेरणीच्या तोंडावर बियाणं-खताला ठेवलेला पैसा दवाखान्यात जातो. रोजगार बुडतो तो वेगळाच, अन् उशाशी बसायचं तेही आपल्यालाच.

आधी डासांची जात ओळखू. मलेरियाचा डास साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो. हा आजार डासातून पसरतो, याचा धागा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला सापडला. तेव्हा आपली हिंगोलीही त्याच हैदराबाद संस्थानात होती. दुसरा डास गटारातल्या घाण पाण्यातला, तो रात्री चावतो अन् हत्तीपायाचा रोग पसरवतो. तिसरा डेंग्यू-चिकुनगुनियाचा. याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात अन् तो दिवसा चावतो. २००६ साली मराठवाड्यात चिकुनगुनियाची साथ आली होती, तेव्हाची सांधेदुखी आपल्या सासवांना अजून आठवते.

हा तिसरा डास गटारात नाही, आपल्या भरलेल्या टिपाडात जन्मतो. मादी पाण्यात नाही, तर पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवते. ती अंडी मोहरीपेक्षाही बारीक अन् काळी असतात. भांडं कोरडं पडलं तरी ती महिनोन्‌महिने टिकतात अन् पाणी लागलं की फुटतात. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. कड घासावी लागते.

आता पाणी कमी असेल तर असं करा. नळ किंवा टँकर यायच्या दिवशी भांडी तशीही तळाला गेलेली असतात. तोच आपला कोरडा दिवस धरा. उरलेलं पाणी पातळ सुती कपड्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा, कपड्यावर वळवळणाऱ्या अळ्या उन्हात झटका. रिकाम्या टिपाडाची आतली कड नारळाच्या काथ्यानं खालपासून वरपर्यंत घासा. ते धुतलेलं पाणी जमिनीवर किंवा झाडाला टाका, दुसऱ्या भांड्यात नको. मग नवीन पाणी भरा अन् तोंडाला जुन्या लुगड्याचा कपडा दोरीनं ताणून बांधा. नुसतं ताट झाकलं तर फटीतून डास आत जातो.

मोठा हौद रिकामा होत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा. ते अळ्या खातात. पिण्याच्या पाण्यात मात्र मासे टाकू नका. अळीनाशक औषध आरोग्य कर्मचाऱ्यालाच टाकू द्या, मनानं काही ओतू नका.

बाकीच्या जागा बाया सहसा बघत नाहीत. कूलरची टाकी अन् त्यातला वाळा, फ्रिजच्या मागचा ट्रे, पत्रं उडू नये म्हणून वर ठेवलेलं जुनं टायर, नारळाच्या करवंट्या, चिमण्यांसाठी टांगलेलं वाडगं. टायरला चार भोकं पाडा म्हणजे पाणी थांबणार नाही. वाडग्यातलं पाणी रोज बदला. कूलर बंद करून ठेवताना टाकी घासून कोरडी करा, नाहीतर पुढच्या वर्षी पाणी भरलं की त्यातूनच डास निघतील.

आता सांडपाणी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे केले, उघडी गटारं बंद केली अन् डास हटवले. त्याला नांदेड पॅटर्न म्हणतात. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्यायचा. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची. भोवती खाली मोठे अन् वर बारीक दगड भरायचे, मोरीचा पाइप टाकीत सोडायचा अन् वरून बंद करायचं. आपली काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही, म्हणून मुरूम लागेल तिथवर खणलेलं बरं. विहीर, बोअरपासून खड्डा लांब असावा. रोजगार हमीतून अशी कामं झालेली आहेत, तुमच्या ग्रामरोजगार सेवकाला विचारा.

आता गोठ्यात चला. गाईच्या कानात, आचळाजवळ, शेपटीखाली एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली गोचीड दिसते. आपण ती ओढतो अन् काम झालं म्हणतो. पण रक्त पिऊन फुगलेली मादी आपणहून खाली गळते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली जाते अन् एकटी दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे जनावरावर दिसतात त्या थोड्या, गोठ्यात दडलेल्या जास्त. जनावराला ताप येणं, चारा सोडणं, लघवी लाल होणं, अशी लक्षणं दिसली की गोचीडतापाचा संशय धरा अन् त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. आपल्या लाल कंधारी, देवणी जनावरांपेक्षा संकरित गाईला हा त्रास जास्त होतो.

उपाय भिंतीपासून सुरू करा. भेगा बुजवून चुना मारा. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या. गोठ्याभोवतीचं गवत काढा. कोंबड्या मोकळ्या सोडा, त्या गोचिड्या वेचून खातात. औषध पशुवैद्यक सांगतील तेच अन् सांगतील तेवढंच. जनावर अन् गोठा दोन्हींना एकाच दिवशी लावा. अंडी नंतर फुटतात, म्हणून ते सांगतील तितक्या दिवसांनी परत लावा. त्यानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, तेही विचारा. कपाशीवर मारायचं औषध गाईच्या अंगावर कधीच लावू नका. जनावर अंग चाटतं, विष पोटात जातं, अन् दूध तर आपली लेकरं पितात.

गोचीड नखानं चिरडायची सवय सोडा. काँगो तापासारखा आजार गोचिडीच्या चाव्यातून अन् रक्तातूनही माणसाला होतो. २०११ साली गुजरातमध्ये माणसं त्यानं दगावली होती. हाताला पिशवी बांधून गोचिड्या काढा अन् रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. माणसाच्या अंगाला चिकटली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. तेल, चटका काही नको. जागा साबणानं धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

लिंबाच्या पाल्याच्या धुरानं डास तेवढ्यापुरते पळतात, मरत नाहीत. बंद घरात धूर केला तर लेकराला अन् दमेकऱ्याला त्रास होतो. त्यापेक्षा दुपारी झोळीत झोपलेल्या बाळावर मच्छरदाणी टाका.

ताप आला तर रक्त तपासून घ्या. डेंग्यूचा संशय असेल तर मनानं अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यांतलं काही दिसलं तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा.

शेवटी एकच सांगणं. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही, जिथं जन्मतो तिथल्याच दोन-चार घरांत फिरतो. म्हणून एकटीनं टिपाड घासून उपयोग कमी, गल्लीनं मिळून घासायला हवं. आपल्या दशसूत्रीत नियमित बैठक जशी आहे, तसं आरोग्यही आहे. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं ठेवा. पाणी यायचा दिवस ठरवा, कुणाकडे कुठली गल्ली ते वहीत लिहा अन् दोघीदोघींनी एकमेकींची भांडी, एकमेकींचे गोठे बघा. ज्या घरी म्हातारी एकटी आहे किंवा बाई बाळंतीण आहे, तिथलं टिपाड गटानं घासायचं. घरातल्या गड्यांना अन् पोरांनाही हाताशी घ्या, हे काम काही बायांनीच करायचं नाही. मृगाचा पाऊस पडायच्या आत चार पाणी-दिवस जरी असे पाळले, तरी पावसाळ्याला आपण तयार असू.