ओल्या कागदांची साक्ष

कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात मऊ टोकाच्या गोळ्या तयार झाल्या आणि त्या गावाचे नाव जगभर गेले. शरीरात शिरताच पसरणाऱ्या अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे १८९९ साली हेगच्या परिषदेत ठरले. शिकारीत मात्र पसरणारी गोळीच योग्य समजली जाते. हे विसंगत वाटेल; परंतु त्याला कारण आहे. न पसरणारी गोळी अरुंद भोक पाडून आरपार जाते, आणि जखमी जनावर दूर जाऊन तडफडत मरते. उलट, फार लवकर फुटणारी गोळी कातडीखालीच विखुरते. म्हणजे गोळी पसरली तर पाहिजेच, पण खोलही गेली पाहिजे.

अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांना १९४६ साली कॅनडात याचा प्रत्यय आला. चिखलाने माखलेल्या मूस नावाच्या प्रचंड हरणावर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. तेव्हा त्यांनी मध्ये आडभिंत असलेली गोळी बनविली. तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो. १९४८ साली ती बाजारात आली.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई आहे. अमेरिकेतील हौशी शिकारी मात्र हंगामापूर्वी गोळीची परीक्षा स्वतःच घेतात. मातीच्या उंच बांधापुढे रात्रभर भिजविलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा किंवा पाण्याने भरलेल्या कॅनची रांग मांडतात. गोळी झाडल्यावर ती किती आत गेली हे मोजतात, मग ती शोधून तिचा व्यास आणि वजन पाहतात. प्रयोगशाळेत यासाठी दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा सुमारे ४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. तो ठोकळाही आधी तपासतात: सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने सोडलेला साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा त्यात सुमारे साडेआठ सेंटिमीटर शिरला पाहिजे.

घरच्या गठ्ठ्याला असे प्रमाण नसते. कागद किती भिजला, किती घट्ट बांधला, यावर उत्तर बदलते. म्हणून एकाच गठ्ठ्यात दोन जातींच्या गोळ्या झाडून तुलना करावी. एकटा आकडा फारसे सांगत नाही. दुसरी गोष्ट वेगाची. पंचवीस पावलांवर छान पसरलेली गोळी दोनशे मीटरवर वेग मंदावल्यामुळे मुळीच पसरणार नाही, असेही होते. आणि कागदात हाड नसते, हेही विसरता कामा नये.

या परीक्षेतील सर्वांत मोलाचे साधन म्हणजे साधा तराजू होय. दहा ग्रॅमची गोळी सात ग्रॅम भरली, तर उरलेले तीन ग्रॅम कोठे गेले? त्याचे बारीक कण गठ्ठ्यात राहिले. जनावरात ते मांसात राहतात. गोळी शिशाची असेल तर ते विषच. शिकाऱ्यांनी टाकून दिलेली आतडी खाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे याच विषाने मेली. त्या राज्याने २०१३ साली कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद केल्या. निव्वळ तांब्याच्या गोळ्या बहुधा आपले जवळजवळ सारे वजन राखतात.

गोळी बंदुकीतून सुटली की तिची जबाबदारी संपत नाही. ओला कागद आणि तराजू मिळून जी साक्ष देतात, ती याच जबाबदारीची होय.