परतीचा टाका

इरकली लुगड्याच्या पदरावरची कसुती पहिल्यांदा निरखली, तेव्हा सवयीनं मी पदर उलटून पाहिला. मागेही तेच तुळशीवृंदावन, तेच गोपूर. गाठ नाही, एका नक्षीवरून दुसरीकडे लोंबत गेलेला दोरा नाही. पदर खांद्यावरून मोकळा सुटतो, चालताना उलटतो, दोन्ही अंगांनी दिसतो. त्याला उलट बाजू असून चालत नाही. ही अट कशी पाळतात, ते समजून घेण्यासाठी मी सुई हातात घेतली.

धारवाड-हुबळीकडच्या या भरतकामाच्या कलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिचे टाके चार. गवंती म्हणजे जाऊन-येऊन घातलेला धावदोरा, मुरगी ही त्याचीच पायऱ्यापायऱ्यांची चाल. हे दोन्ही टाके सुलट-उलट सारखे दिसतात. नेगी विणकामासारखी दिसते, मेंथी ही फुली. कापडावर छाप उठवायचा नाही, ताणेबाणे मोजत जायचं. म्हणून मी सुरुवात दोसुतीवर केली. तिचे धागे सहज मोजता येतात.

पहिलं काम सरळ रेघेचं. जाताना एक टाका वर, एक खाली. येताना रिकाम्या जागा भरायच्या. रेघ लगेच जमली.

दुसरं काम चार टाक्यांचा चौकोन, आणि तिथे मी अडले. चारही बाजू फिरून आले आणि त्याच दिशेनं पुढे निघाले. पाचवा टाका नेमका पहिल्याच्या डोक्यावर बसला, मोकळ्या बाजू मोकळ्याच राहिल्या. तीनदा उसवलं. मग बोटांवर मोजलं: चार ही सम संख्या, त्यामुळे दुसऱ्या फेरीतही पहिली बाजू वरच येणार. चौथ्या टाक्यानंतर आल्या वाटेनं मागे फिरले, तेव्हा वरचे खाली आणि खालचे वर आले. चौकोन दोन्हीकडून पूर्ण झाला.

तिसरं काम दिव्याचं. समईला फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीच्या टोकापर्यंत जाऊन परत खोडाशी आलं, की टाक्यांची बेरीज सम होते आणि खोडावरची वर-खाली चाल मोडत नाही. हे कळल्यावर मी सुईत दोरा ओवण्याआधी वाट ठरवू लागले: कुठे वळायचं, कुठली फांदी जाताना करायची, कुठली येताना.

गवंतीचा हा टाका युरोपातही आहे. सोळाव्या शतकातला चित्रकार हान्स होल्बाइन यानं इंग्लंडची राणी जेन सीमोर हिचं चित्र काढलं. तिच्या बाहीच्या झालरीवर काळ्या दोऱ्याचं भरतकाम दिसतं. त्याच्या चित्रांवरून तिकडे या टाक्याला होल्बाइनचं नाव पडलं. मनगटाची झालरही पदरासारखीच दोन्ही बाजूंनी दिसणारी.

आता जुनी कसुती पाहताना एक गोष्ट मनाला लागते. काम जितकं निर्दोष, तितकी हाताची वाट झाकलेली; कुठून निघाली, कुठे वळली, काही कळत नाही. लुगडं विरून एखाद्या फेऱ्याचा दोरा झिजला असेल, तर तेवढ्या जागी एकाआड एक टाके उरतात. तिथे मी बोट ठेवते आणि ते भरणाऱ्या बाईच्या मागोमाग, टाका टाका मोजत, वळणापर्यंत जाते.