फी भरण्याआधी हे पाहा

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालतं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची. २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅप फेरीतून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे; अट तीच, ८ लाखांची. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.

घोडं अडतं ते कागदपत्रांपाशी. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला हवा, बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. नाहीतर मंजूर झालेली रक्कमही हाती पडत नाही. गरजू मुलांचे हक्काचे पैसे एवढ्यावरून अडकावेत, हे फार खुपतं. दाखला एप्रिल-मेमध्येच काढा. आणि दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण विसरू नका.