फळ्यावर सरकणारी वेलांटी

संवादी फळा म्हणजे संगणकाला जोडलेला, बोटाचा स्पर्श ओळखणारा मोठा पडदा. कॅनडातील ‘स्मार्ट टेक्नॉलॉजीज’ने असा फळा १९९१ मध्ये बाजारात आणला. काही फळ्यांच्या चौकटीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे जाळे पसरलेले असते. बोटाने किरण अडले की संगणक ती जागा ओळखतो.

मराठी वाचन-लेखन शिकवताना याचा खरा उपयोग जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ समजावताना होतो. ‘दिन’मधली पहिली वेलांटी पुसून तिथे दुसरी आणली की ‘दीन’ होतो. दिवसाचा गरीब झालेला मुलांना डोळ्यांदेखत दिसतो. अक्षर कुठून सुरू करायचे, हेही पुन्हा पुन्हा दाखवता येते.

घरची बोली वेगळी असलेल्या मुलांनाही हा फळा उपयोगी पडतो. बारामती-इंदापूर हा माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा साखर कारखान्यांचा पट्टा. तिथे गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबांसोबत आलेल्या मुलांपैकी काहींची बोली अशी वेगळी असते. त्यांच्यासाठी कोयता, मोळी, बैलगाडी यांचे चित्र, उच्चार आणि लेखी शब्द फळ्यावर एकत्र दाखवणे सोयीचे ठरते.

मात्र बोटाने गिरवून पेन्सिलीची पकड येत नाही आणि वीज गेली की फळा मुका होतो. त्यामुळे पाटी-पेन्सिल दप्तरात हवीच.