हसविणारी, पण स्वतःचे हसे न होऊ देणारी : शुभा खोटे

हिंदी चित्रपटसृष्टीने विनोदी अभिनेत्रीकडे दीर्घकाळ एकाच दृष्टीने पाहिले. तिच्या देहयष्टीला, रूपाला किंवा वेंधळेपणाला प्रेक्षकांनी हसावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असे. १९४७ च्या ‘दर्द’मध्ये गोड गळ्याने गाणाऱ्या उमादेवी पुढे ‘टुणटुण’ झाल्या आणि त्यांच्या स्थूलतेचाच विनोद आयुष्यभर होत राहिला. त्यांचे गुण कमी होते असे मुळीच नव्हे. पटकथा लिहिणाऱ्यांची कल्पनाशक्तीच तेवढी होती. अशा काळात शुभा खोटे यांनी वेगळ्या रीतीने हसविले, हे आज नीट आठवून सांगितले पाहिजे.

शुभाताईंचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, मुंबईचा. वडील नंदू खोटे हे रंगभूमीवरील आणि मूकपटांतील नट. दुर्गाबाई खोटे या नात्याने शुभाताईंच्या काकू. प्रतिष्ठित घरातील सुनेने चित्रपटात काम करणे हेच जेव्हा धाडस होते, तेव्हा दुर्गाबाईंनी ते केले होते. त्यामुळे चेहऱ्याला रंग लावणे या घरात नवलाचे राहिले नव्हते. शुभाताई स्वतः अगदी लहानपणीच रंगभूमीवर उभ्या राहिल्या. पुढे विल्सन महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली.

परंतु त्यांची पहिली ओळख नटी म्हणून नव्हती. पोहणे आणि सायकल चालविणे या दोन्ही खेळांत त्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. १९५२ ते १९५५ हा तो काळ. त्या दिवसांत साडी सावरत चालणाऱ्या मुलीही रस्त्यावर फारशा एकट्या दिसत नसत. ही मुलगी सायकलच्या शर्यती जिंकत होती! अमिय चक्रवर्ती यांनी १९५५ च्या ‘सीमा’त त्यांना पुतलीची भूमिका दिली आणि सायकलही दिली. चित्रपट नूतन यांचा होता, पण सायकलवरून भरधाव जाणारी पुतलीही प्रेक्षकांच्या लक्षात राहिली.

माझ्या मते त्यांच्या विनोदाचे मूळ या खेळाडूपणात आहे. विनोदी दृश्यात शब्दांपेक्षा वेळ साधणे अवघड असते. केव्हा थबकायचे, केव्हा गर्रकन वळायचे, समोरच्याचे वाक्य संपण्याआधी किती क्षण गप्प राहायचे, हे शरीराला कळावे लागते. शुभाताईंच्या शरीराला ते कळत होते. म्हणूनच मेहमूद यांच्यासारख्या दृश्य खाऊन टाकणाऱ्या नटासमोर त्या झाकोळल्या नाहीत. ‘छोटी बहन’, ‘ससुराल’, ‘जिद्दी’, ‘लव्ह इन टोकियो’ अशा चित्रपटांतून मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ हे त्रिकूट जमले. धुमाळ बहुधा कन्येवर पहारा ठेवणारे वडील, मेहमूद उपद्व्यापी प्रियकर आणि शुभाताई त्या दोघांच्या मध्ये. या मांडणीत त्या ठसठशीत, चतुर, प्रसंगी प्रियकरालाच खेळविणाऱ्या असत. हसू येई ते गोंधळाचे. त्या मुलीची टवाळी होत नसे. १९६१ च्या ‘घराना’ आणि ‘ससुराल’ या दोन्ही चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअरचे नामांकन मिळाले.

याची किंमतही मोजावी लागली. जमलेली जोडी निर्मात्यांना सोयीची असते, नटाला मात्र ती कुंपणासारखी वाटू लागते. १९५७ च्या ‘पेइंग गेस्ट’मध्ये नूतनच्या मैत्रिणीची काळी छटा असलेली भूमिका त्यांनी किती समर्थपणे केली होती! तरीही पुढे त्यांच्या वाट्याला बहुतेक हसविणेच आले. १९६८ मध्ये ‘चिमुकला पाहुणा’ हा मराठी चित्रपट त्यांनी स्वतः निर्माण केला आणि दिग्दर्शितही केला, याची आठवण आज कितीजणांना आहे?

मग १९८१ मध्ये ‘एक दूजे के लिए’ आला. गोव्यात घडणाऱ्या या कथेत मुलीच्या प्रियकराचे छायाचित्र जाळणारी आई शुभाताईंनी उभी केली. ती राख चहात कालवून पिणारी मुलगी सर्वांना आठवते. पण त्या क्षणाला धार येते ती समोरच्या आईच्या कठोर मुद्रेमुळे. ज्या चेहऱ्याने वीस वर्षे हसविले, त्याच चेहऱ्याचा प्रेक्षकांना राग आला.

दूरदर्शनने त्यांना पुन्हा हसते केले. १९९३ च्या सुमारास आलेल्या ‘जबान संभाल के’ या मालिकेत परभाषकांना हिंदी शिकविणारा एक वर्ग होता. पंकज कपूर शिक्षक आणि शुभाताई संस्थेच्या प्रमुख, मिस दीक्षित. त्याच मालिकेत त्यांची कन्या भावना बलसावर होती आणि धाकटे बंधू विजू खोटे मराठी विद्यार्थी म्हणून बाकावर बसत. हेच ते ‘शोले’मधील कालिया. एका घरातील तिघे एकाच मालिकेत, आणि तिघांची हसविण्याची तऱ्हा निराळी! वर्गात कितीही धुमाकूळ चालू असो, दारात मिस दीक्षित उभ्या राहिल्या की गुरुजींचाच चेहरा आधी उतरत असे.