शेजारी देशाची ओळख

शेजारी कसा आहे हे ठाऊक नसले, की गैरसमज वाढतात. गावाचे तसेच देशाचे. म्हणून विद्यापीठात परदेशांचा इतिहास शिकवतात. मुंबईच्या उपनगरात, कलिना येथे, मुंबई विद्यापीठाचे मोठे आवार आहे. संध्याकाळचे व्याख्यान सर्वांना खुले असले, तर तुम्हीही जाऊन ऐका.

आता चीनचेच पाहा. १९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. जखमींना डॉक्टर मिळेनात. चीनने मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर बोटीने धाडले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. लढाईच्या मुलखात राहून त्यांनी जखमींवर उपचार केले. ते चिनी भाषा शिकले. तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस तिथेच वारले. वय अवघे ३२.

पुढे १९६२ साली याच दोन देशांत युद्ध झाले. सीमेचा तंटा अजून मिटलेला नाही. तरी चीनमध्ये कोटणीसांचा पुतळा आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही माहीत असाव्यात. म्हणजे कोणी भडकवले तर आपण भडकणार नाही, आणि कोणी फसवले तर फसणारही नाही.