दम्याचा पंप: श्वासही राखू, हवाही राखू



पाड्यांवरील आरोग्य शिबिरांना औषधे देणारे काही जण मला विचारतात, "दम्याच्या पंपामुळे पृथ्वी तापते म्हणे. मग तो द्यावा की नाही?" प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दाबला की फवारा उडतो त्या पंपात औषध थोडे आणि ते बाहेर ढकलणारा वायू जास्त असतो. पूर्वी त्यासाठी सीएफसी वायू वापरत. ओझोनचा थर विरळ होतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हळूहळू बंद झाले. त्यांच्या जागी आलेला एचएफए-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा १३०० पटींहून अधिक तापमानवाढ करतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या कार्बन उत्सर्जनात अशा पंपांचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. म्हणून तिथले फॅमिली डॉक्टर जमेल त्या रुग्णाला कोरड्या पावडरीचा पंप देतात. त्यात वायू नसतो. रुग्ण आपल्याच श्वासाने औषध ओढून घेतो. आपल्याकडे कॅप्सूल घालून वापरतात तो पंप याच प्रकारचा.

मात्र तो सर्वांना चालत नाही. पावडर ओढायला जोराचा, खोल श्वास लागतो. लहान मुलांना, अशक्त वृद्धांना आणि जोराची धाप लागलेल्यांना फवाऱ्याचा पंप स्पेसर लावून देणेच योग्य. शिवाय पावसाळ्यात कॅप्सूल ओल धरते. ती वापरायच्या वेळीच पाकिटातून काढावी.

खरी बचत दमा आटोक्यात ठेवण्यात आहे. निळ्या पंपातील साल्ब्युटामॉल तात्पुरता आराम देते, श्वासनलिकेची सूज उतरवत नाही. सूज राहिली की धाप पुन्हा लागते, फवारे वाढतात आणि रुग्णाच्या जिवालाही धोका होतो. म्हणूनच 'जीना' या जागतिक दमा संस्थेने २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना केवळ अशा औषधावर ठेवू नये असे सांगितले आहे. सूज कमी करणारे स्टिरॉइडचे औषध सांगितल्याप्रमाणे घेतले, चुलीचा धूर कमी झाला, तर रुग्णाला बरे वाटते आणि वायूही कमी सुटतो.

आपण एवढे करू शकतो:

• औषधे देण्यापूर्वी शिबिराच्या डॉक्टरांना विचारा: कोणता पंप, किती, सोबत स्पेसर हवा का?

• पंप वापरण्याची पद्धत रुग्णाकडून करून घ्या. चुकीच्या पद्धतीने औषध घशातच राहते.

• रिकामा डबा चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, तो फुटतो. दवाखान्यात परत घेतात का ते विचारा.

आणि कृपा करून कोणाचाही चालू पंप बंद करू नका. बदल करायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ज्याला धाप लागली आहे, त्याच्यासाठी हाताशी असलेला पंप हाच योग्य पंप.